पोरगी म्हणते, इथेनॉलमध्ये जातो

दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला, गणित घेतलेलं. जवळपास मक्यापासून इथेनॉल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं अल्कोहोल, काढायचा कारखाना येणार अशी चर्चा आहे आणि तिच्या डोक्यात तेच बसलंय. तिचा मामा गॅरेजवाला. तो म्हणतो, इथेनॉलनं गाड्यांची वाट लावली, दोन-चार वर्षांत बंद होईल. वडिलांनी स्वतः यंदा सोयाबीन कमी करून चार एकर मका पेरलाय. विचारतात, पोरीला या लाइनला टाकू का?

नमस्कार भाऊ,

मामा निम्मा बरोबर आहे. इथेनॉल ओलावा ओढतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली आणि टाकीत पाणी गेलं, की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यासोबत तळाला बसतं. मग मारत बसा किका. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, सीलही त्यानं खराब होतात. ॲव्हरेजची तक्रारही खोटी नाही. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे २० टक्के मिसळलं की सहा-सात टक्के तूट आलीच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या चारचाकींसाठी हाच आकडा आहे, दुचाकींसाठी तीन-चार टक्के. पण इथेनॉलचा ऑक्टेन (इंजिनात ठोके न देता जळायचा गुण) जास्त असतो. त्याच्या हिशेबानं जुळवलेल्या इंजिनात ही घट एक-दोन टक्क्यांवर येते. मामानं अजून तशा गाड्या फारशा उघडल्या नसतील.

बंद होईल, हे मात्र मला पटत नाही. आपलं ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून येतं. २० टक्के मिश्रणाची २०३० ची मुदत सरकारनं २०२५-२६ वर आणली आणि तिथवर मजलही मारली. ब्राझील तर १९७५ पासून याच वाटेवर आहे.

माझी भीती वेगळी आहे. हा धंदा जेवढा रसायनाचा, तेवढाच दिल्लीच्या आदेशाचा. डिसेंबर २०२३ मध्ये ऊस कमी दिसला तशी रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आली, पुढच्या वर्षी उठली. मधल्या काळात मक्याचं नशीब उघडलं. उद्या उलटंही होईल. रतनजोत आठवते ना? वीसेक वर्षांपूर्वी बांधावर लावा, डिझेल निघेल म्हणत होते. माझ्या वडिलांनीही लावली. डिझेल दूरच, बियांना गिऱ्हाईक मिळालं नाही आणि पाल्याला बकरीसुद्धा तोंड लावत नव्हती.

म्हणून भाऊ, पोरीनं ‘इथेनॉल’ शिकू नये, केमिकल इंजिनिअरिंग शिकावं. आंबवणं, ऊर्ध्वपातन, बॉयलर, सांडपाणी हे ज्याला कळतं तो डिस्टिलरीत चालतो, औषधाच्या कंपनीत चालतो, तेलाच्या मिलमध्येही चालतो. इथेनॉलपासून विमानाचं इंधनही करता येतं. २०२७ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांत असं जैवइंधन एक टक्का मिसळायचं आपल्या सरकारचं उद्दिष्ट आहे. म्हणजे उद्या कार विजेवर गेल्या तरी हे शिक्षण वाया जात नाही.

नागपूरची लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट १९४२ पासून हेच शिकवते, आता तिचं विद्यापीठ झालंय. अमरावती विद्यापीठातही केमिकलचा विभाग आहे. दोन्हीकडे सीईटी लागते. सीईटीत कमी पडली तर बीएस्सीला केमिस्ट्री किंवा मायक्रोबायोलॉजी घेऊन पुढे पुण्याजवळ मांजरीला असलेल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला किंवा कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेत अल्कोहोल तंत्रज्ञानाचा पदविका अभ्यासक्रम करता येतो. ही वाट लांबची आहे, पण हलकी नाही.

डिस्टिलरी तीन पाळ्यांत चालते. मळीचा वास कपड्यांतून जात नाही. रात्रपाळी मुलींना कितपत देतात, क्वार्टर आहे का, हे आधीच विचारलेलं बरं. या सुट्टीत तिला एखाद्या कारखान्याची लॅब दाखवून आणा. वासानं तोंड फिरवलं, तर चार वर्षांची फी वाचेल.

आता तुमच्या मक्याचं, न विचारताच सांगतो. टनभर मक्यातून साधारण ३८० लिटर इथेनॉल निघतं आणि मागे डीडीजीएस, म्हणजे वाळवलेला प्रथिनयुक्त चोथा, उरतं. ते कोंबड्यांच्या खाद्यात सोयापेंडीपेक्षा स्वस्त पडतं. सोयाबीनचे भाव पडले त्यात याचाही वाटा आहे, एकमेव नसला तरी. म्हणजे तुमच्या चार एकरांची गिऱ्हाईकी शेजाऱ्याच्या सोयाबीनवर बसते! शिवाय रानडुकरं आणि रोही मक्यावर तुटून पडतात, हे तुम्हाला मी काय सांगावं. सगळं वावर मक्याखाली घालू नका.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलं तर नाही. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर लागत असेल तर तेही, आत्ताच तहसीलला टाकून ठेवा. जूनमध्ये सेतूसमोर रांग लागते आणि नेमकं तेव्हाच तुमचं पेरणीचं काम असतं.