माझा आवडता जुना बँड परत एकत्र येतोय, पण गिग (लाइव्ह शो) मुंबईत आणि मी नाशिकला. सोबतीला कोणी नाही. एवढ्या लांब जाणं वर्थ आहे का?

जा. एकटे असलात तरी जा.

खरं तर एवढंच उत्तर पुरे आहे, पण तुम्ही खाली लिहिलंय ना की "आधीसारखे वाजवतील का याची भीती वाटते", त्यावर मला बोलायचंय, कारण मीही ह्याच भीतीने तिकीट काढू की नको करत बसले होते.

माझा बँड म्हणजे इंडस क्रीड. जुन्या लोकांना रॉक मशीन म्हणून आठवत असेल. 1984 ला मुंबईत सुरू झाला, 1993 ला नाव बदललं, 1997 ला फुटला आणि 2010 मध्ये परत एकत्र आला. आम्ही कोल्हापूरचे. मावसभाऊ इंजिनिअरिंगला मुंबईत होता, तो सुट्टीला येताना कॅसेटी घेऊन यायचा आणि रंगभवनच्या गोष्टी सांगायचा, धोबीतलावचं ओपन एअर थिएटर, इंडिपेंडन्स रॉक म्हणजे आय-रॉक हा रॉक फेस्टिव्हल तिथे व्हायचा, आणि मी शाळेतली पोर तोंड उघडं टाकून ऐकत बसायचे. मला तिथे जायला मिळालंच नाही. मी कमवायला लागेपर्यंत बँड फुटलेला, आणि पुढे रंगभवनातले शोही बंद झाले, जवळच हॉस्पिटलं आणि कोर्ट, त्यामुळे सायलेन्स झोन.

म्हणून 2012 ला, त्यांचा इव्हॉल्व्ह हा नवीन अल्बम आला त्या वर्षी, मुंबईत एका क्लबात गिग आहे कळल्यावर त्याच मावसभावाला, म्हणजे दादाला फोन केला आणि महालक्ष्मी एक्सप्रेसचं स्लीपर काढलं. रात्री कोल्हापूरहून बसलं की सकाळी सीएसटी.

आता तुमची भीती. जुन्यातले तिघंच होते स्टेजवर, गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी, हे दोघे नवीन. अशा वेळी लोक नाक मुरडतात की हा काय तोच बँड नाही, पण मला वाटतं नवीन पोरं असली की जुन्यांना जुन्याच चालीवर ढकलत नेता येत नाही, नीट वाजवावंच लागतं. नवीन गाणी तर मस्तच वाजली. आणि जुनं गाणं सुरू झालं तेव्हा जे झालं ते सांगते. आमच्या घरच्या टेपरेकॉर्डरचा एकच स्पीकर चालायचा, दुसरा कायमचा गेलेला. मी ते गाणं इतकी वर्षं पाठ केलेलं, प्रत्येक गिटारचा तुकडा तोंडाने वाजवून दाखवीन, आणि तिथे मी झुबिनच्या बाजूला उभी होते तर मधेच कीबोर्डची एक अख्खी ओळ आली जी मी आयुष्यात कधी ऐकलीच नव्हती. कॅसेटवर ती बंद स्पीकरच्या बाजूला रेकॉर्ड झालेली होती! मी दादाचा दंड धरून ओरडले, त्याला काही कळेना. तो म्हणाला अगं ही पहिल्यापासून आहे. तर "आधीसारखे" म्हणजे नक्की कशासारखे, कॅसेटसारखे की रंगभवनसारखे? आपल्यापैकी बऱ्याच जणांनी त्यांना आधी लाइव्ह ऐकलेलंच नसतं.

मागे एक जण दर गाण्यानंतर त्यांच्या जुन्या हिट गाण्याचं नाव, "प्रिटी चाइल्ड, प्रिटी चाइल्ड" ओरडत होता. प्लीज असं करू नका. तुमच्या बँडने नवीन काही काढलं असेल तर जायच्या आधी आठवडाभर तेच ऐका, म्हणजे तिथे नवीन गाणं लागल्यावर मोबाईल काढून बघत बसणार नाही. नवीन गाणी घेऊन परत आलेल्या बँडसाठी मी कुठेही जाईन. नुसत्या जुन्या हिट वाजवणार असतील तरी जाईन, फक्त मग एवढी धावपळ करणार नाही.

नाशिकहून म्हणाल तर सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडा. परतीची पंचवटी संध्याकाळीच सुटते त्यामुळे ती विसरा, आणि रात्रीची लोकल पकडली तरी कसाऱ्याच्या पुढे लोकल जातच नाही, म्हणजे मध्यरात्री घाटाच्या तोंडाशी अडकाल. मुक्कामाची सोय आधी करा, नातेवाईक असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा की यायला एक वाजेल. गिग ओपन ग्राउंडवर आहे का क्लबात ते पण बघा, मैदानावर रात्री दहाला स्पीकर बंद करावे लागतात म्हणजे मेन बँड आठ-साडेआठलाच चढतो, नऊला पोचलात तर अर्धा सेट गेला. क्लबात उलटं, वेळ नऊची लिहिलेली असते आणि दहा वाजले तरी साउंडचेकच चाललेला असतो, तेव्हा पोटात काहीतरी टाकून जा.

एकटेपणाचं म्हणाल तर दादा बारकडे गेला तो बराच वेळ आलाच नाही, तेवढ्यात शेजारच्या दोन अनोळखी काकांनी मला कुठलं गाणं कुठल्या वर्षीच्या आय-रॉकला वाजलं होतं ते सगळं सांगून टाकलं. असे काका प्रत्येक रीयुनियनला असतात, पुढे डाव्या-उजव्या कोपऱ्यात उभे राहा, भेटतील. बँड कुठला ते मात्र तुम्ही लिहिलंच नाही, कमेंटमध्ये सांगा ना.