रिब्रीदरमधला ऑक्सिजन पाण्याखाली संपला तर काय? सुरक्षिततेसाठी नेमकं काय बघायचं?

क्लोज्ड सर्किट रिब्रीदर (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा श्वासाला देणारं डायव्हिंगचं यंत्र) शिकायला येणारा जवळपास प्रत्येक जण मला हेच विचारतो, कारण सिलेंडर दिसतोच एवढासा. पण संपण्याची भीती यादीत सगळ्यात शेवटी ठेवा. 2 लिटरचा सिलेंडर 200 बारला भरला की सुमारे 400 लिटर ऑक्सिजन होतो. मध्यम हालचालीत शरीर मिनिटाला साधारण 1 लिटर वापरतं, आणि कितीही खोल गेलात तरी हा आकडा तेवढाच राहतो. म्हणजे हिशेबाने सहा तासांहून जास्त. तरीही संपलाच, तर बेलआउट सिलेंडरवर (आणीबाणीसाठी सोबत नेलेल्या वेगळ्या सिलेंडरवर) जायचं आणि डाइव्ह तिथेच थांबवून वर यायचं.

माणसं दगावतात ती सिलेंडर भरलेला असताना. लूपमध्ये, म्हणजे श्वास ज्यातून फिरत राहतो त्या बंद मार्गात, या क्षणी किती ऑक्सिजन आहे हे शरीराला कळतच नाही. आपण गुदमरतो ते कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे, आणि तो तर यंत्रातली सोडा लाइम ही रासायनिक भुकटी शोषून घेते. त्यामुळे ऑक्सिजनचा आंशिक दाब (एकूण दाबातला त्याचा वाटा) 0.16 बारच्या खाली घसरत गेला तरी धाप लागत नाही, भीती वाटत नाही. आणखी थोडा घसरला की थेट शुद्ध जाते. उलट 1.6 च्या वर गेला तर झटके येऊ शकतात, तेही अनेकदा पूर्वसूचना न देता. झटक्यात माउथपीस सुटलं की पुढे बुडणंच.

आता सगळ्यात साधी चूक. तपासणीनंतर कुणीतरी ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह बंद करतं आणि परत उघडायचं राहतं. गेजचा काटा मात्र 200 वरच, कारण होजमध्ये दाब अडकलेला असतो! म्हणून नुसता काटा बघू नका. हाताने ऑक्सिजन सोडायचं बटण दाबून धरा आणि काट्यावर नजर ठेवा. तो धाडकन खाली आला तर व्हॉल्व्ह बंद आहे. ही चूक खाली जाताना झाकली जाते: साध्या हवेतल्या ऑक्सिजनचा 0.21 आंशिक दाब 10 मीटरवर आपोआप 0.42 होतो. वर येताना हेच गणित उलटं फिरतं, म्हणून अपुऱ्या ऑक्सिजनचा धोका शेवटच्या काही मीटरांत सर्वाधिक.

सेन्सरबद्दल मात्र मी जरा जास्तच संशयी आहे. बहुतेक यंत्रांत तीन सेल (ऑक्सिजन मोजणारे सेन्सर) असतात आणि दोघांचं पटलं की तिसऱ्याला खोटं ठरवलं जातं. पण जुने सेल एका मर्यादेपुढे आकडा दाखवूच शकत नाहीत. समजा, दोन थकलेले सेल 1.1 ला अडकले आणि सेटपॉइंट, म्हणजे यंत्राने राखायचा आंशिक दाब, 1.3 आहे. यंत्र ऑक्सिजन सोडतच राहणार, आणि खरं बोलणारा तिसरा सेल मतदानात हरणार. यावर उपाय म्हणजे 6 मीटरवर लूप शुद्ध ऑक्सिजनने धुऊन बघणं: आकडा 1.6 च्या जवळ यायला हवा. खोलवर संशय आला तर डायल्युएंटने (दुसऱ्या सिलेंडरमधल्या, ऑक्सिजन पातळ करणाऱ्या वायूने) धुवा. तो वायू साधी हवा असेल तर 30 मीटरवर 0.84 च्या आसपास दिसायला हवं. तिन्ही सेल एकाच दिवशी एकाच खोक्यातून बसवू नका, ते एकत्रच म्हातारे होतात.

आकडा पटत नसेल तर लूपवर श्वास घेत कारण शोधत बसू नका. आधी बेलआउट, मग विचार. आणि पाण्यात उतरण्याआधी हँडसेटकडे (सेलचे आकडे दाखवणाऱ्या पडद्याकडे) बघत पाच मिनिटं लूपवर श्वास घ्या. गप्पा मारत घेतलेली पाच मिनिटं मी तरी धरत नाही.

ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडा. झटक्यात उघडला तर दाबलेला वायू तापतो, आणि तिथे तेल किंवा साधं ग्रीस लागलेलं असेल तर आग लागू शकते. त्या भागांना ऑक्सिजनसाठी बनवलेलंच ग्रीस लावायचं.