सेन्सर घेऊन एकदा वॉर्डात ये

तुझा मेल वाचला, ग्राफपण बघितले. बफरमध्ये, म्हणजे लॅबच्या स्वच्छ द्रावणात, तुझा ग्लुकोज सेन्सर एकदम सरळ रेघ देतोय, आर-स्क्वेअर (रेघ किती नेमकी जुळते ते सांगणारा आकडा, जास्तीत जास्त 1) 0.99 च्या वर, आनंद होणारच, मलाही झाला. पण लगेच पेपर लिहायला बसू नकोस, आधी रक्तात चालवून बघ, कारण बफरमध्ये ना तांबड्या पेशी असतात ना युरिक ॲसिड ना व्हिटॅमिन सी ना सकाळी डोकं दुखतंय म्हणून घेतलेली पॅरासिटामॉल, आणि यातलं बरंच काही तुझ्या इलेक्ट्रोडवर ऑक्सिडाइज होऊन करंट वाढवतं, म्हणजे शुगर आहे तेवढीच आणि आकडा मात्र फुगलेला. लीलँड क्लार्क यांनी 1962 मध्ये एन्झाइम इलेक्ट्रोडची, म्हणजे असल्या ग्लुकोज सेन्सरमागची, कल्पना मांडली तेव्हापासून लोक याच्याशी झगडतायत.

ॲनिमियाकडे तर जास्तच लक्ष दे. समज, एक बाई आहे, डायबेटिस आहे, हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) 25 टक्के, आपल्या ओपीडीत अशा कितीतरी येतात. पेशी कमी म्हणजे थेंबात प्लाझ्मा जास्त, स्ट्रिपवर ग्लुकोज सहज पोचतं, मग हिमॅटोक्रिटचं करेक्शन नसलेला मीटर जास्त दाखवतो. खरी शुगर 60, तिला दरदरून घाम फुटलाय, हात थरथरतायत, आणि मीटर म्हणतोय 75. आयएसओ 15197 या ग्लुकोज मीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 2013 च्या आवृत्तीत 100 च्या खाली 15 मिलिग्रॅमपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे हे रीडिंग कागदावर पास! मला हे फार टोचतं, म्हणून म्हणतो, आकड्याआधी तिचा हात हातात घेऊन बघ.

आणि पेशंट तपासायचा म्हणजे वजन-उंची लिहून मोकळं व्हायचं नाही हां. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला फोटो शोध, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) 22.3, पण चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. किडकिडीत दिसतो म्हणून डायबेटिसचा धोका नाही असं आपल्या लोकांत धरूनच चालता येत नाही.

तर प्रत्येक सॅम्पलसोबत हिमोग्लोबिन, हिमॅटोक्रिट, चालू औषधं, शेवटचं खाणं, एवढं लिहून घ्यायचंच. तुलनेसाठी शिरेतलं रक्त फ्लोराइडच्या ट्यूबमध्ये घे आणि लगेच लॅबला पाठव, नुसतं पडून राहिलं तर पेशीच ग्लुकोज खात बसतात आणि मग तू दोष सेन्सरला देणार. एथिक्स कमिटीचा फॉर्म सोबत पाठवतोय, कन्सेंट साध्या मराठीत लिही आणि पाठवायच्या आधी मला दाखव.