दारूच्या व्यसनावर औषधं आहेतच, मग नागपुरात एम. फार्म.च्या प्रबंधाला काय उरलं?

भरपूर उरलंय, फक्त ‘नवीन औषध शोधतो’ म्हणत सुरुवात करू नका. अमेरिकेत या व्यसनासाठी मान्यता असलेली औषधं तीनच: डायसल्फिराम, नालट्रेक्झोन (१९९४) आणि अकाम्प्रोसेट (२००४). डायसल्फिराम तलफ मारत नाही, प्यायलं की ओकारी-धडधड होईल अशी धास्ती घालतं; पेशंटनं गोळी सोडली की विषय संपला. बाकी दोन काहींनाच लागू पडतात. कुणाला आणि का, काम तिथं आहे. मी इथेच नवीन मुलांना प्राण्यांवरचे प्रयोग शिकवतो, म्हणून सांगतो: आधी दोन बाटल्यांचा प्रयोग हातात बसवा. उंदराच्या पिंजऱ्याला एक बाटली साध्या पाण्याची, एक अल्कोहोल मिसळलेल्या पाण्याची. उंदीर कशातलं किती प्यायला हे कळायला रोज सकाळी दोन्हींचं वजन करा आणि जागा बदला, कारण उंदराला एकाच बाजूची सवय लागते. (मे महिन्यात एसी बंद पडला तर त्या दिवसाचे आकडे विसरा, आपल्या उन्हाळ्यात तो काहीही पितो.) मात्र उंदरानं पिणं कमी केलं म्हणजे माणूसही सोडेल, असं प्रबंधात लिहू नका. आणि संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हातात येईपर्यंत एकही उंदीर मागवायचा नाही.