जिन्याला लॅमिनेट लावताय? आधी एवढं पाहा

जिना स्वतः करायचं ठरवलंत, छान. जमण्यासारखं काम आहे, फक्त खोलीची सवय इथे चालत नाही. खोलीत लॅमिनेटच्या फळ्या फोमवर, म्हणजे खाली अंथरलेल्या पातळ मऊ थरावर, मोकळ्या टाकतात. पायरीवर फोम नको, फळी पूर्ण चिकटवायची. खाली पोकळी राहिली की फळी हलते आणि जिन्यावर हलणारी फळी म्हणजे पाय घसरून पडणं.

सगळ्यात जास्त वेळ पायरीच्या कडेला द्या. पाय तिथेच पडतो. फळीची कापलेली कड तशीच ठेवू नका. नोझिंग पट्टी, म्हणजे पायरीची पुढची कड झाकणारी पट्टी, घ्या, गोंद लावून स्क्रूनेही आवळा. नुसत्या गोंदावर विसंबणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

बाकी:
- प्रत्येक पायरी वेगळी मोजा. एकीचं माप दुसरीला क्वचितच बसतं.
- ८ मिमीची फळी लावल्यावर पहिल्या पायरीची उंची तेवढी वाढते, शेवटची कमी होते. वर-खालच्या मजल्यांवरही तेवढंच लॅमिनेट असेल तर प्रश्न नाही. हा हिशेब खरेदीआधी करा, पाय अडखळतो तो याच फरकाला.
- फळ्या ४८ तास घरात ठेवून मगच कापा.

गच्चीकडून पाऊस आत येत असेल तर तिथे लॅमिनेट नकोच, फुगतं.

वळणाच्या पायऱ्या आत्ता सोडा. सरळ पायऱ्या झाल्या की विचारा, सांगतो.