कण्हेरीचा पाला पडला कुठे?

प्रश्न: गुहागरजवळ आमचं घर आहे. अंगणाच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणभिंतीला, लागून कण्हेरीचं कुंपण आहे. मे महिन्यात गड्याकडून ते छाटून घेतलं. चार दिवसांनी शेजाऱ्यांची दुभती गाय मेली. कण्हेर खाऊनच मेली, 60 हजार द्या, नाहीतर पोलिसांत जातो, असं ते म्हणतात. मी देणं लागतो का?

उत्तर: तुम्ही सगळं लिहिलंत, पण छाटलेला पाला कुठे टाकला ते लिहिलं नाहीत. गोम तिथेच आहे.

कण्हेर लावणं हा गुन्हा नाही. गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून तर लोक ती कुंपणाला लावतात. पण पान सुकलं तरी त्यातलं विष जात नाही, आणि सुकलेला पाला चाऱ्यात मिसळला की गाय तो खाऊन जाते. गड्याने तो गडग्यापलीकडे लोटला असेल, तर तुमची बाजू लंगडी आहे.

इंग्लंडमध्ये यू नावाच्या विषारी, सदाहरित झाडावरून असेच दोन दावे झाले. 1878 च्या निकालात फांद्या शेजारच्या कुरणावर गेल्या होत्या, घोडा मेला, झाडाच्या मालकाला भरपाई द्यावी लागली. 1894 मध्ये शिंगराने हद्दीपलीकडे मान घालून पाला खाल्ला होता. तिथे मालक सुटला. आपल्या कोर्टांवर हे निकाल बंधनकारक नाहीत, पण वकील दाखले देतील ते यांचेच. थोडक्यात, उनाड सोडलेली गाय तुमच्या आवारात शिरून खाऊन गेली असेल, तर देणं लागत नाही.

शिवाय शाबीत शेजाऱ्यांनी करायचं आहे. शवविच्छेदन झालं का? कोटीपोटात, म्हणजे गाईच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात, पाला सापडला का? गाय तशीच पुरली असेल, तर ती साप चावूनही मेली असेल, कोण सांगणार?

पोलिसांच्या धमकीने घाबरू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 मध्ये जनावर मारल्यास 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे खरी, पण त्यासाठी नुकसानीचा हेतू किंवा जाणीव दाखवावी लागते.

गडगा आणि फांद्या एकत्र दिसतील असे फोटो आजच काढा; पुढची छाटणी त्यानंतर. पाला पुरा, जाळू नका, धूरही बाधतो. आणि कृपा करून व्हॉट्सॲपवर ‘चूक झाली, बघतो काहीतरी’ असं लिहू नका. माणुसकी म्हणून काही द्यायचंच असेल, तर ‘सर्व हक्क अबाधित राखून’ असं लेखी नमूद करून द्या.

गड्याला विचारून पाल्याचं काय ते कळवा. नोटीस आली, तर उत्तर त्यावरच ठरेल.