सेक्रेटरी एकटा हेडमास्तरांना सस्पेंड करू शकतो का?

तासगावकडच्या दादांनी विचारलंय की ते नुकतेच गावच्या शिक्षण संस्थेच्या कार्यकारिणीवर आलेत आणि सेक्रेटरी म्हणतोय हेडमास्तरांना सस्पेंड करायचंय, तुम्ही फक्त सही करा, तर करावी का.

दादा, सही आधी थांबवा. आपल्याकडं अध्यक्ष-सेक्रेटरी म्हणजेच संस्था असं लोक धरून चालतात, पण १९७७ चा खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा आणि १९८१ ची नियमावली अधिकार देते ती व्यवस्थापनाला, एका माणसाला नाही. म्हणजे संस्थेच्या घटनेप्रमाणं नोटीस, अजेंडा, कोरम आणि ठराव. चौकशी करायची का आणि सस्पेंड करायचं का हे आधी मॅनेजमेंटनं ठरवायचं, मग शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची आणि मग ऑर्डर. परवानगी न घेता काढली तर निर्वाह भत्त्याचा (सस्पेंड असताना द्यायच्या पैशांचा) बोजा संस्थेवर येतो, आणि मग वर्गणी काढत बसा.

हेडमास्तरांची चौकशी समिती पण तिघांची असते, एक संस्थेचे अध्यक्ष, एक हेडमास्तरांनी नेमलेला आणि एक पुरस्कारप्राप्त मुख्याध्यापकांच्या यादीतला. हे सगळं टाळून थेट बडतर्फ केलं की माणूस ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपिलात जातो, बऱ्याचदा परत हजर होतो आणि मागचा पगार संस्थेच्या गळ्यात.

दुसरं, तुमचं नाव शेड्यूल वनला (धर्मादाय ऑफिसातला संस्थेच्या नोंदीचा उतारा, त्यात विश्वस्तांची नावं असतात) लागलंय का बघा. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अर्ज, धर्मादाय ऑफिसला द्यावा लागतो. सांगली-साताऱ्याकडं निम्म्या संस्थांची भांडणं इथंच अडकलेली, दोन गट, दोन चेंज रिपोर्ट, दोन सेक्रेटरी, आणि पगारबिलावर सही कुणाची यावरून शिक्षकांचे हाल.

जमिनीचा विषय निघाला तर अजून सावध. जुन्या लोकांनी शाळेसाठी दिलेली जागा आता रोडटच झालीय म्हणून डोळे फिरतात, पण सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या (ट्रस्टच्या कायद्याच्या) कलम ३६ प्रमाणं धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, बिनशेती जागा किंवा इमारत ३ वर्षांच्या वर भाड्यानं पण देता येत नाही, ठराव एकमतानं झाला असला तरी.

पालकांची शाळा व्यवस्थापन समिती वेगळी बरं का. आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, तिच्यात पाऊण हिस्सा पालक असतात, पण खासगी अनुदानित शाळेत २०१२ च्या दुरुस्तीनंतर ती फक्त सल्ला देऊ शकते.

आता तुमच्या सहीचं. प्रोसिडिंग बुक (सभेचे ठराव लिहायची वही) स्वतः हातात घ्या, पानांना नंबर आहेत का बघा, दोन ठरावांच्या मध्ये अर्धं पान कोरं सोडलेलं दिसलं तर तिथं आडवी रेघ मारायला लावा, नाहीतर नंतर तिथं काय उगवेल सांगता येत नाही. ठराव पटत नसेल तर तोंडी नाही म्हणून भागत नाही, "माझा विरोध" असं नावासकट लिहून घ्या. विश्वस्तांच्या चुकीनं ट्रस्टचं नुकसान झालं तर वसुली वैयक्तिक निघू शकते, तेव्हा मी गप्प बसलो होतो हे कुणी ऐकत नाही.

घटनेची नक्कल सेक्रेटरीकडं मागू नका, सरळ सांगलीच्या धर्मादाय ऑफिसातनं काढा. आणि ऑर्डर निघालीय का अजून ठरावच व्हायचाय ते इथं लिहा, म्हणजे पुढचं सांगतो.